काळा कुत्रा आणि आम्ही सहा साक्षीदार

डहाणूच्या किनाऱ्यावर सकाळी दात घासताना मला काकीच्या सुकत घातलेल्या बोंबलांमागून काहीतरी सुर्रकन पळताना दिसलं. बघतो तर अर्धे बोंबील गायब!

"काय होतं रे?" काकीने विचारलं.

"काहीतरी पळालं."

"काळं होतं ना?" शेजारीण म्हणाली.

जमलेल्या पाचही बायकांनी काळंच पाहिलं होतं. मग मलाही काळं आठवलं, मग शेपटी आठवली आणि चहा होईपर्यंत तो तांडेलमामांचा कुत्रा झाला. वासराएवढा, तोंडात दोनशे बोंबील!

"आजच त्याला ट्रकात घालून अच्छाडच्या नाक्यापलीकडे, पार गुजरातेत सोडा," काकी कडाडली.

तेवढ्यात मामांची होडी किनाऱ्याला लागली आणि सगळ्यांच्या आधी उडी मारून उतरला तो कुत्रा.

"पहाटेपासून माझ्याबरोबर समुद्रात आहे हा," मामा म्हणाले. "याच्याशिवाय मी जाळं टाकत नाही."

काकीने आमच्याकडे असं पाहिलं, की उरलेले ओले बोंबील जागीच सुकले.

शेजारीण खाकरली. "मांजर असेल गं. पिवळं."

पाचही जणींना लगेच मांजर आठवलं. मीही जोरात मान हलवली. मला तर त्याच्या मिशासुद्धा दिसल्या होत्या.