पेठेत नवी इमारत सापडेना

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत दोन घरांच्या मधोमध एक जागा रिकामी पडली होती. तिचे मालक कापडाचे व्यापारी. पूर्वज राजस्थानातून आलेले, पण शेठ स्वतः माझ्यापेक्षा अस्सल जुन्नरी बोलत. खाली दुकान आणि वर राहायला दोन मजले, एवढंच त्यांना हवं होतं. मी मंचरचा आर्किटेक्ट. तोवर बंगले आणि मंगल कार्यालयं केली होती; दोन जुन्या घरांच्या मध्ये नवं घर बसवायची माझी पहिलीच वेळ.

शेठना दर्शनी बाजूला निळ्या काचा हव्या होत्या. मी म्हणत होतो, शेजारच्या खिडक्यांची ओळ धरू, छपराची उंची तीच ठेवू, ओटाही तेवढाच रुंद करू. आमचं काही जमेना. शेवटी शेठाणीच म्हणाल्या, "निळ्या काचेतून गिऱ्हाईकाला साडीचा रंग कसा कळायचा?" काचा रद्द झाल्या.

इमारत उभी राहिली. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खिडक्या. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून नुसता बघत राहायचो.

मग भोगवटा दाखल्यासाठी पाहणी करायला नगरपरिषदेचे एक साहेब आले. नकाशा उलगडून ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "बांधकाम कुठंय?"

"तुम्ही उभे आहात तेच."

"हे जुनं हाय. नकाशात नवीन बांधकाम हाय."

मी त्यांना लिफ्ट दाखवली. "जुन्या घरातबी लिफ्ट बसवत्यात आता," ते म्हणाले आणि मागच्या बोळात जाऊन नवी इमारत शोधून आले.

डाव्या घरच्या आजी ओट्यावर लसूण सोलत होत्या. साहेबांनी त्यांनाच विचारलं.

"हे घर? माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय की."

"आजी," मी म्हणालो, "तुमच्या दारात वर्षभर आमची वाळू पडली होती."

"डागडुजीला आणली व्हती तुमी," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला राग यावा की आनंद व्हावा, ते कळेना. नव्या घराचे पैसे मोजलेले शेठ शेजारीच उभे होते; ते माझ्याकडं बघतही नव्हते.

उजवीकडं बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्या मालकानं आपल्या जुन्या घराला दर्शनी बाजूनं चकचकीत चंदेरी पत्रे ठोकून घेतले होते. साहेबांनी मोबाइल काढला आणि आमच्या घराचा फोटो असा तिरपा घेतला, की निम्म्या चौकटीत पत्रेच आले.

"साहेब, ते शेजारचं आहे."

"असू द्या. फोटोत काय तरी नवीन दिसाया पायजे."

दाखला मिळाला. शेठनी पेढे वाटले, मलाही दिला, पण बोलले जेमतेम.

पुढच्या महिन्यात बियाणेवाले माझ्या ऑफिसात आले. "भाऊ, शेठसारखं घर आमचंबी करा. लोकं फोटो काढत्यात त्याचे."

"तुमचं तसंच आहे. पत्रे काढा फक्त."

"पत्रे काढायला आर्किटेक्ट लागतो व्हय? नीट डिझाइन द्या."

मी पत्र्यामागं बॅटरी मारून मापं घेतली आणि त्यांचं घर होतं तसं कागदावर काढून दिलं. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"लई भारी," ते म्हणाले. "फक्त ही मधली खिडकी आमाला पटंना. ती तेवढी बदला."