होडी मी काठाला ओढली

आता काय सांगू, संताप आला की माझं जर्मन एकदम सुधारतं. त्यानंच घात केला माझा!

त्या आठवड्यात मी आधीच पेटलेलो. राहण्याचा परवाना वाढवायला चार महिने थांबून टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली, आणि खिडकीतली बाई काय म्हणते? "एक कागद कमी आहे." सात वर्षं इथे जर्मनीत, वाल्डॉर्फात कोड लिहितोय मी, अजून दारातच उभा!

शनिवारी लेकीला, इराला, घेऊन हायडेलबर्गला नदीवर गेलो. तिथल्या म्युझियमच्या बोलावण्यावरून कॅनडाच्या समुद्रकाठचे मूळ रहिवासी पाहुणे आले होते. त्यांच्या तरुणांनी एकाच देवदाराच्या खोडातून कोरलेली लांबलचक होडी घेऊन. काय देखणी! गात गात काठाशी आले... आणि थांबले. पाण्यातच, वल्ही उभी धरून.

होडीतल्या एक आजी उभं राहून मोठ्यानं काहीतरी विचारू लागल्या. समोर काठावर म्युझियमची बाई. तिच्या हातात कागद!

माझं डोकंच फिरलं.

"इथेसुद्धा कागद?" मी ओरडलो. "माणसं एवढ्या लांबून आलीत, आणि तुम्ही त्यांना पाण्यात ताटकळत ठेवता?"

"मोमेंट, बिट्टे..." जरा थांबा, म्हणे!

"नाइन! नाही! चार महिने ऐकतोय मी ते मोमेंट!"

"बाबा, लास दास!" राहू दे म्हणत इरा बाही ओढत होती. पण ऐकतो कोण? बुटांसकट पाण्यात शिरलो, होडीचं टोक धरलं आणि ओढली की काठावर! वल्हेकरी एकमेकांवर आदळले. मी टाळ्यांची वाट पाहिली. एक नाही.

म्युझियमची बाई रडकुंडीला आली होती. "अहो, ही त्यांची रीत आहे! पाहुण्यांनी पाण्यातून विचारायचं, येऊ का? यजमानांनी म्हणायचं, या. ते 'या' त्यांच्या भाषेत महिनाभर पाठ करतेय मी! तेवढंच आहे या कागदावर."

मेलो! आजींना इंग्रजीत म्हणालो, "सॉरी. मला वाटलं, तुम्हाला अडवलंय."

आजींनी मला बुटांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ढकल मागे. आम्ही पुन्हा विचारू."

ढकलली. खाली मान घालून. तर आजी वळून म्हणाल्या, "आमच्या चालीरीती बंद पाडायला कॅनडाच्या सरकारलासुद्धा आधी कायदा करावा लागला होता, बाळा. तू एकट्यानं, ओल्या जीन्समध्ये, दोन मिनिटांत पाडल्यास!"