लोखंडाचं सोंग

हरणाबाई नवी नवरी असतानाची गोष्ट. ती आत भाकरी थापत होती आणि बाहेर ओट्यावर जत्रेतल्या सोंगावरून बापलेकाचं जुंपलं होतं. बाप म्हणजे तिचा सासरा सिदू, आणि लेक म्हणजे थोरला दीर अण्णाराव.

"जीव जाया लागला व्हता माझा. पाणी मागितलं तर काय पाप केलं?" अण्णाराव म्हणाला.

"पाण्याचं म्हणत न्हाय म्या. मुखवटा का काढलास? नरसिंहाचं सोंग मारुतीच्या पायरीवरच उतरतंय. मधीच काढलास म्हंजी देव रस्त्यात टाकून आलास तू."

"मग उद्यापासनं तुमीच घाला."

"तुला झेपंना तर श्रीमंत हाय."

श्रीमंत म्हणजे हरणाबाईचा नवरा. तो तिकडं शेरडं बांधत होता, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. हरणाबाईची भाकरी मात्र तव्यावर करपली.

त्या सालापासून जत्रेतला नरसिंह श्रीमंतच्या खांद्यावर आला. बांबूचा सांगाडा, वर लाकडी मुखवटा, मागं अंबाडीची आयाळ. एकदा अंगावर बांधलं की बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणी नाव घेऊन हाक मारायची नाही. बायकोनं तेवढं कळशी घेऊन पुढं चालायचं आणि पायावर पाणी ओतायचं. हरणाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याचे पायच जास्त बघितले. सोंगाच्या आत काय चाललंय ते तिला पायावरून कळायचं. अंगठा मातीत रुतला की खांदा भरलाय. टाच उचलेना झाली की दम सरलाय.

मागच्या जत्रेत टाच उचलेना. कसाबसा पायरीला टेकला. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर झालीय, आता ओझं बंद. गावानं सोंग एका तरण्या गड्याला दिलं. श्रीमंत दिवसभर मेंढरांमागं जायचा आणि दिवेलागणीला खांदे चोळत बसायचा. काही उचललेलं नसताना.

अशात तालुक्याच्या गावचा, भूमचा अमरनाथ फटफटीवर आला. त्याचं तिथं पत्र्याचं थेटर.

"तात्या, आपल्याकडं मोठाल्या यंत्रमाणसांचा सिनेमा येणार हाय. दुसरा भाग. पहिल्याला पोरं भिंतीवर चढून बसली व्हती. त्याच्या आदी बाजारात एक यंत्रमाणूस फिरवायचाय. पत्र्याचा करून घेतलाय, दोन माणसं उंच. तालुक्यात ते उचलून चालणारं तुमच्याबिगर कोण हाय?"

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?" हरणाबाई दारातून म्हणाली.

"डॉक्टरनं नरसिंहाचं सांगितलं. ह्याचं कुठं सांगितलंय?" श्रीमंत म्हणाला. मग अमरनाथकडं वळला. "सिनेमात ह्याच्या आत कोण असतंय रं?"

"आत कुणीच नसतंय तात्या. समदं यंत्र."

"मग तहान कुणाला लागती?"

अमरनाथ हसला.

"आन् उतरवायचं कुठं?"

"दमला की उतरवा. कुठंबी."

"कुठंबी न्हाय. सोंग ते सोंग. मारुतीच्या पायरीवर उतरंल."

"अवं, त्या लोखंडाच्या भुताला कसला आलाय मारुती?" हरणाबाई म्हणाली.

"आत म्या हाय न्हवं?"

बाजाराच्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्यावर पापड भाजावा. पाठीमागून नटबोल्ट आवळले. छातीत लाल दिवे, कानाशी भोंगा. पाय मात्र श्रीमंतनं उघडेच ठेवले. हरणाबाई कळशी घेऊन पुढं झाली.

"मावशी, जपून ओता. बॅटरी हाय, करंट बसंल," अमरनाथ म्हणाला.

"बसू दे. तेवढाच शहाणा हुईल."

थेटरापासून भूमच्याच वेशीतल्या मारुतीपर्यंत, असं ठरलं होतं. पण निम्म्यात अमरनाथनं बघितलं, गर्दी सगळी एसटी स्टँडकडं. त्यानं मिरवणूक तिकडं वळवली. मारुती पाठीमागं राहिला.

"मागं वळव रं," हरणाबाई म्हणाली.

"थोडं थांबा मावशी. फोटो काढायलेत लोक."

तिनं खाली बघितलं. उन्हानं पाघळलेल्या रस्त्यात अंगठा रुतत होता. ओतलेलं पाणी डांबरावर पडल्या पडल्या वाळत होतं. स्टँडच्या तोंडाशी आले आणि टाच उचलेना झाली. वरचं पत्र्याचं धूड डाव्या अंगाला कललं, सावरलं, पुन्हा कललं. लोकांना वाटलं यंत्रमाणूस लढाई करतोय. टाळ्या पडल्या.

"अमरनाथ, खोल ते. माणूस मराया लागलाय आत."

आता अमरनाथचं तोंड पडलं. पाना घेऊन एक जण मागं धावला. तसा पत्र्याचा हात फिरला आणि त्याला बाजूला लोटलं. टाळ्या आणखी वाढल्या. हरणाबाईच्या कानात मात्र ओट्यावरचं भांडण वाजत होतं. हा आत मरंल, पण अण्णाराव व्हायचा नाही. वेस लांब. हाक मारावी तर नाव घ्यायचं नाही.

रस्त्याच्या कडेला एक पाथरवटीण पाटे-वरवंटे मांडून बसली होती, शेजारी पूजेच्या सामानाचं दुकान. हरणाबाईनं कळशी खाली ठेवली. एक पाटा उचलला, दुकानातला शेंदूर ओंजळभर घेतला, तेलाची बाटली ओतली आणि तळव्यानं पाटा माखून काढला. तो तिनं त्या उघड्या पायांपुढं आणून ठेवला.

"अगं बाई, चटणी वाटायचा पाटा हाय त्यो," पाथरवटीण म्हणाली.

"व्हता," हरणाबाई म्हणाली, आणि भर रस्त्यात पाट्यावर डोकं टेकलं. अगदी खरोखर टेकलं. मग वर बघून म्हणाली, "मारुती आलाय. पायरीबी हीच. पाऊल पुढं घ्या."

टाळ्या थांबल्या. पत्र्याच्या डोळ्यांच्या फटी खाली वळल्या. भोंगा तेवढा खरखरत होता. मग टाच उचलली. हळूच. अंगठा शेंदराला लागला आणि ते सगळं धूड गुडघ्यांवर बसलं.

नटबोल्ट सुटले. आतून श्रीमंतचं भिजलेलं, राखेसारखं तोंड निघालं. हरणाबाईनं कळशी त्याच्या ओठाला लावली.

"तोंड दक्षिणेला केलंस का मारुतीचं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडं केलंय. प्या गुमान."

दवाखान्यात सलाइन लागलं, जीव राहिला. शेंदूर लागलेला दगड पाथरवटीण परत घेईना. तो तिथंच लिंबाखाली बसला. आता एसटीचे ड्रायव्हर त्याला हात जोडल्याबिगर गाडी काढत नाहीत.

यंत्रमाणसाचं डोकं मात्र दवाखान्याच्या गडबडीत जीपमध्येच राहून श्रीमंतबरोबर घरी आलं होतं. अमरनाथनं फोन केला, राहू द्या तात्या, माणूस पाठवतो. पण मुखवटा ज्यानं वाहिला त्यानंच जागेवर ठेवायचा, अशी रीत. श्रीमंतनं डोकं घोंगडीत गुंडाळलं, अनवाणी भूमला निघाला. पुढं हरणाबाई, कळशी घेऊन.

"हे काय हाय तात्या?" एसटीत कंडक्टरनं विचारलं.

"सोंगाचं डोस्कं."

"मग त्याचं तिकीट न्हाय. धड असतं तर काढावं लागलं असतं."

थेटरावर मोठं चित्र लागलं होतं, खाली 'लवकरच'. श्रीमंतनं डोकं कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवलं, नारळ फोडला, अमरनाथच्या हातावर खोबरं दिलं.

"सिनेमा लागला की पुढच्या रांगेत बसा तात्या."

"आत कुणी न्हाय म्हणतोस. मग बघायचं कुणाला?"

दरवर्षी मुखवटा ठेवून बाहेर आल्यावर करायचा तसा तो थेटराच्या पायरीवर उभा राहिला आणि पाय पुढं केले. हरणाबाईनं आधी दोन्ही टाचा उचलायला लावून बघितल्या. मग कळशी वाकडी केली.