गोळीबारातले चार दिवस

गिरणीतून मला काढलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि रीळखात्यात मला अकरा वर्षं झाली होती. सुताची रीळं भरायचं ते खातं. तिथं सगळ्या बायकाच. नवी यंत्रं आली, तीस जणींचं काम आठ जणी करू लागल्या, आणि एका शनिवारी पाळी सुटताना आमच्या हातात छापील चिठ्ठ्या पडल्या. कुणी रडलं नाही. एकीनं फक्त विचारलं, "सोमवारी यायचं की नाही?"

आमचे हे छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं घरीच होते. चिठ्ठी वाचून म्हणाले, "भरपाई मिळते आता. कायदा झालाय. कागद जपून ठेव."

कायदा होता. नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई मिळायची, पण शेवटच्या वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेले हवेत, अशी अट होती. गिरणीच्या ऑफिसातल्या कारकुनानं हजेरीचं बुक उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचे दोनशे छत्तीस होतात."

"चार कुठं गेले?"

त्यानं बुक माझ्याकडे वळवलं. ते गोळीबाराचे दिवस होते.

हा कारकून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना यायचा. घोषणा देताना त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, तेव्हा लालबागात माणूस रस्त्यावर पाय ठेवू शकत होता का? तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे हो. बुकात नाही ना!"

त्या चार दिवसांत आम्ही खोलीबाहेर पडलो नव्हतो. आमच्या खात्याची नायकीण, म्हणजे आम्हा बायकांवर देखरेख करणारी, वरच्या मजल्यावर राहायची. तिची खिडकी थेट रस्त्यावर उघडायची, म्हणून ती आणि तिची सून खाली आमच्या खोलीत आल्या. अश्रुधुराचा वास जिन्यातून वर चढायचा. ह्यांना खोकल्याची उबळ आली की मी ओलं फडकं तोंडाशी धरायची आणि नायकीण त्यांच्या छातीला तेल चोळायची. "सातेरी आई, सांभाळ गो," असं पुटपुटत राहायची. चौघांनी पेज पिऊन ते दिवस काढले. त्याआधी मी तिला फार भ्यायची. त्या चार दिवसांत ती मला आईसारखी वाटली.

मी लेबर कोर्टात अर्ज केला. पुरावा हवा म्हणून पोलीस चौकीवर गेले. संचारबंदी होती एवढं लिहून द्या, म्हटलं.

हवालदार हसला. "अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे. त्याला कागद कशाला?"

"कोर्ट मागतंय."

"मग कोर्टालाच विचारा. आम्ही असं लिहून देत नसतो."

युनियनच्या ऑफिसात तीन वेळा बसून आले. तिथला माणूस म्हणाला, "संपाचे दिवस आहेत ते, बाई. त्यात आम्ही पडणार नाही." मी संपावर नव्हते, जमिनीवर पालथी पडले होते, हे त्याला सांगितलं. त्यानं चहा मागवला, स्वतःपुरता.

शेवटी नायकिणीकडे गेले. तिला कामावरून काढलं नव्हतं. ती लगेच म्हणाली, "येतंय गो. सांगतंय. खोटां थोडांच सांगूचां आसा?"

तारखेला ती आली. नवं लुगडं नेसली होती. गिरणीच्या वकिलानं तिला विचारलं, "त्या चार दिवसांत गिरणी चालू होती?"

"होती."

"तुम्ही कामावर होता?"

"होते."

वकिलानं बुक पुढे केलं. तिच्या नावापुढे चारही दिवस हजेरी होती. शाई ताजी होती की जुनी, मला कळलं नाही. मला नीट दिसतच नव्हतं. मी उभी राहून ओरडले, "ही माझ्या घरात होती! माझ्या घरात!" कोर्टाच्या साहेबांनी मला खाली बसायला सांगितलं. ह्यांनी सांगून पाहिलं, शेजारणीनं सांगून पाहिलं. बुकापुढे तोंडी बोलणं टिकत नाही, असं ठरलं.

कोर्टाच्या जिन्यात मी तिला गाठलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"असं का केलंस मावशी?"

"सून बदलीर आसा माझी, काम मिळालां तर मिळालां. तिका कायम करतंत म्हणाले." मग हळूच म्हणाली, "तुझ्या दोन हातांचां गेलां गो. माझ्या घरात चार हातांचां जाणार होतां."

मी वर अपील केलं. मजकूर ह्यांनी सांगितला, अंथरुणात पडल्या पडल्या, आणि मी चौथीतल्या अक्षरात लिहिला. तारखांमागून तारखा पडत गेल्या. त्या काळात मी गिरगावातल्या एका खाणावळीत पोळ्या लाटायची. तारीख असली की पाठकोऱ्या कागदांची पिशवी घेऊन तिथूनच जायची. अपील निघालं तेव्हा मी आत जाऊन बसेपर्यंत ते फेटाळलं गेलं होतं.

काही महिन्यांनी राज्य झालं. चाळीत पताका लागल्या, गच्चीवर ताशा वाजला. नायकीण प्रत्येक खोलीत पेढे वाटत फिरत होती. आमच्या दारात आली. मी पाठ फिरवली. ह्यांनी हात पुढे करून पेढा घेतला, खाल्ला, आणि "मुंबई मिळाली एकदाची," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी नायकिणीपेक्षा त्यांचा जास्त राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते बिचारे पुढच्या थंडीत गेले, आणि तो आठवडा आता मला परत मिळणार नाही.

नायकिणीची सून कायम झाली, पुढे सुनेची मुलगीही गिरणीत लागली. म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. जिन्यात भेटली की वाट सोडून बाजूला उभी राहायची, आणि मी तिच्याकडे न बघता खाली उतरायची. तिला उचलून नेलं त्या सकाळी सगळी चाळ अंगणात होती. मी पोळ्या लाटायला निघून गेले.

वय झालं की राग निवतो, म्हणतात. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बहुधा तेच केलं असतं. म्हणून काही तो निवत नाही.