झाकणाच्या आतली दोन पानं

माझ्या मावशीला पुस्तक वाचायला देण्यात एक धोका असतो. पुस्तकाकडेही ती घड्याळासारखंच बघते. तबकडी कितीही चकचकीत असो, ती आधी मागचं झाकण उघडणार. चाळीस वर्षं एकाच अरुंद दुकानात ती घड्याळं दुरुस्त करते आहे. सगळा रस्ता तिला टिकटिकमावशी म्हणतो आणि तिला ते मुळीच आवडत नाही. टिकटिक काय, चुकीची वेळ दाखवणारं घड्याळही करतं, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ तिच्या हातून बिघडलं, तेव्हा आई आणि मी तिच्या मागेच लागलो, की दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. शेवटी ती हो म्हणाली. महिनाअखेरीला रंगारी येऊन पाटी उतरवणार आणि भिंत रंगवणार, हेही ठरलं.

तिचा चेहरा मला बघवेना. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, तिथून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी तिला नेऊन दिली. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच शहरात घड्याळांचं दुकान चालवणाऱ्या एका स्वतंत्र बाईची. अगदी नेमकं औषध दिलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

चार दिवसांनी मावशीनं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"कशी वाटली?"

"बाई देखणी आहे. साडेतीनशे पानांत दोनदा न्हाते, पाचदा रडते आणि एकदा घड्याळ उघडते. तेही त्या कप्तानाच्या डोळ्यांत बघत. डोळ्यांत बघत स्क्रू काढला तर तो कुठे उडेल, हे लेखकाला विचार."

"पण स्वतंत्र आहे की नाही? शेवटी सगळं सोडून निघून जाते."

"तिसाव्या वर्षी. चिमटा खिडकीतून फेकून. चिमटा कोणी फेकतं का?"

मला राग आला. त्या प्रसंगाला मी रडले होते आणि तसं मी तिला सांगितलंही.

"रड की, मी कुठे नको म्हणते," मावशी म्हणाली. "मला दुसरंच बघायचं होतं. तिचा हात थरथरायला लागल्यावर तिनं काय केलं, ते."



मी प्रस्तावना गाळली होती, मावशीनं ती दोनदा वाचली होती. लेखकानं तिथे प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की बाई खरी होती. पण तिचं जन्मसाल आणि दुकानाची एक जाहिरात एवढंच हाती लागलं, बाकी सगळं कल्पनेनं भरलं. जाहिरातीत तिची खूण छापलेली होती, एका काडीवर दोन पानं.

"ही पानं मी कुठेतरी पाहिली आहेत," मावशी म्हणाली.

घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतून सुईनं बारीक खूण आणि साल कोरायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. मालकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या दुरुस्तीवाल्याला दिसतं. मावशीची खूण म्हणजे एक छोटीशी शिडी. मग दुकान आवरायचं सोडून तिनं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली, आणि सुटीच्या दिवशी मीही तिच्यासोबत दारोदार फिरू लागले. औषधवाल्याकडे काही नाही, चष्मेवाल्याकडे भलतीच खूण. पाचव्या घरी, निवृत्त पोस्टमास्तरांनी आजोबांचं साखळीचं घड्याळ काढून दिलं. बंद पडलेलं.

दुकानात येऊन मावशीनं झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. काडीवरची दोन पानं चार वेळा कोरलेली होती, चार वेगवेगळ्या सालांची. पहिली तीन रेखीव. चौथी वाकडीतिकडी, एक पान काडीपासून सुटलेलं. मी चौथ्या सालातून प्रस्तावनेतलं तिचं जन्मसाल वजा केलं, पुन्हा केलं.

"एकाहत्तर," मी म्हणाले.

मावशी चौसष्ट वर्षांची आहे. तिनं आतला एक लांब ओरखडा दाखवला. "पेचकस घसरला होता तिचा. घसरला आणि तिनं पुन्हा लावला."

"तिचाच कशावरून?"

"नसेलही. पण मी तिचाच धरणार."

ते घड्याळ मावशीनं स्वतः दुरुस्त केलं. एरवी एका दुपारचं काम, त्याला चार दिवस लागले. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी कोपर हलत होतं. शेवटी तिनं ती कादंबरी कोपराखाली घेतली. जाडी नेमकी बसली. मी ग्रंथालयातली असूनही गप्प राहिले. स्प्रिंग तिसऱ्या खेपेला जागेवर गेली, आणि घड्याळ चालू झालं तेव्हा मला रडू आलं. कादंबरीच्या वेळेपेक्षा जास्तच.

दोन पानांच्या खाली तिनं आपली शिडी कोरली. तिच्या दोन पायऱ्या वाकड्या आल्या.

महिनाअखेरीला रंगारी आला, तेव्हा मावशीनं त्याला पाटी उतरवू दिली नाही, तिथेच रंगवून घेतली. संध्याकाळी आईचा फोन आला, की आता दुकान बंद करणार तरी कधी?

"सात वर्षांनी विचार," मावशी म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.