दोराचा भाव

कोणतीही मागणी कानावर पडली की त्यांचा पहिला शब्द "नाही" असायचा. नाही म्हणून झाल्यावर ते विचारायचे, "काय हवंय?" सिल्वासाजवळच्या मसाटला आमच्या धाग्याच्या कारखान्यात त्यामुळे त्यांचं नाव नाहीसाहेब पडलं. तोंडावर तशी हाक मारली तरी ते ओ द्यायचे. संगणक विभाग म्हणजे ते एकटेच. मी तेव्हा स्टोअरमध्ये होते. त्यांच्या संगणकाच्या खोलीसाठी मी पंखा मागितला, नाही. दुसरी खुर्ची मागितली, नाही. आठवड्याने दोन्ही आली. पण काही नकार शेवटपर्यंत टिकत, आणि मला सांगायचं आहे ते त्यातल्या एकाबद्दल.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. छोट्या शेठनी मसाटच्या ऑफिसात सहा आणि रांध्याच्या गोदामात दोन टर्मिनल बसवली होती. दोन्हीकडची टेलिफोनच्या तारेने जोडलेली. अट साधी होती: माल आल्या-गेल्याच्या नोंदी दिवाळीपर्यंत कारकुनांनी आपल्या हातांनी टर्मिनलवर करायला हव्यात. जमलं तर नाहीसाहेबांची नोकरी पक्की, नाही जमलं तर त्यांनी पुण्याला परत जायचं. बायको आणि मुलगी अजून पुण्यातच होत्या. सिल्वासात त्यांनी खोली घेतली होती, पण गॅसची बदली करून घेतली नव्हती. स्टोव्हवर खिचडी शिजवायचे. "गॅस दिवाळीनंतर," एवढंच सांगायचे.

कारकून चपला बाहेर काढून टर्मिनलच्या खोलीत येत. कुणीतरी यंत्रांना हळदकुंकूही वाहिलं. बटणाला मात्र कोणी हात लावेना. "कंई बगडी जशे तो?" हा हिशेब विभागाचा ठरलेला प्रश्न. यंत्र बिघडलं तर पगारातून कापतील, या भीतीने सगळे पेन्सिलीलाच चिकटून राहिले.

मग नाहीसाहेबांनी एक खेळ लिहिला. जेवणाच्या सुट्टीत टर्मिनलवर बसायचं. पडद्यावर नदीकाठचं एक गाव, प्रत्येकाला एक झोपडी आणि थोड्या कवड्या. दोर वळा, मासे पकडा, एकमेकांना विका. मसाटला पकडलेला मासा रांध्याचा माणूस विकत घेऊ शकायचा. मधेच टेलिफोनची लाइन गेली की रांधेवाले गावातून नाहीसे होत. "कवड्या घेतल्या आणि बुडाला बघा!" अशी इकडे ओरड व्हायची. महिन्याभरात खोलीबाहेर चपलांचा ढीग लागायला लागला.

मासे पकडायचे तर जागा, होडी, सोबती, वजन असे सगळे रकाने भरावे लागत, थेट आमच्या स्टोअरच्या पावतीसारखे. दोराला मात्र रोमन लिपीतली तीन अक्षरं दाबली की काम झालं. बटणाला घाबरणाऱ्या माणसांनी काय करावं? सगळ्यांनी दोरच वळला. होडीला आणि झोपडीला दोर लागायचा, पण होड्या नेणार कोण? नदी मोकळी आणि गावभर दोर.

यात सर्वांत पुढे होता आमचा डिस्पॅचचा भिलाभाऊ, साक्रीकडचा. "माझा दोर एक नंबर," तो सांगायचा.

"अहो, सगळ्यांचे दोर सारखेच असतात," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही समजणार ताई. हात बसेल आहे माझा."

सुरुवातीला दोर दहा कवड्यांना जायचा. मग खाली यायला लागला.

"घे ना आठला," भिलाभाऊ शेजारच्याला गळ घालायचा.

"रांध्याहून सहाला मिळतो."

"त्यांचा दोर कच्चा!"

"टर्मिनलवर कच्चा?"

सहाचे चार झाले, चाराचा एक. शेवटी कुणी फुकटही घेईना. तेव्हा आमच्या माणसांनी तेच केलं जे कॅन्टीनची डाळ पातळ झाल्यावर करायचे. त्यांनी अर्ज लिहिला. विषय: दोराचा भाव पूर्ववत दहा कवड्या करण्याबाबत. खाली सगळ्यांच्या सह्या. नाहीसाहेबांनी तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी खोली निम्मी झाली. आठवड्यात जवळजवळ रिकामी. मी सरळ जाऊन बसले त्यांच्यासमोर.

"एक आकडा बदलायचा आहे. माणसं गेली तर तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मी दहा केला तर ही माणसं जन्मभर दोरच वळतील. आणि उद्या स्टोअरच्या साठ्याचा आकडा मनासारखा आला नाही की तोही बदलायचा अर्ज घेऊन येतील माझ्याकडे. दोर झिजतो, ताई. मी तसाच लिहिलाय. होडीवर झिजतो, झोपडीवर झिजतो. ढीग आपोआप संपेल. थांबायचं."

"दिवाळी थांबेल का?"

"ती नाही थांबणार," ते म्हणाले आणि कामाला लागले.

भिलाभाऊ सर्वांत जास्त चिडला होता, आणि परतही तोच पहिला आला. खेळातल्या झोपडीत दोरांचा डोंगर, खायला मासा नाही. रागारागाने होडीला दोर बांधून तो मासेमारीला बसला. एका बोटाने रकाने भरायचा. नाहीसाहेब मागे हात बांधून उभे. बटणाला स्वतः कधीच हात लावायचे नाहीत.

"वजन राहिलं."

"दिसतं मला!"

"मग भरा."

"भरतोच आहे ना साहेब, मासा काय पळून चालला?"

त्याचा पहिला मासा रांध्याला विकला गेला तेव्हा त्याने टर्मिनलवर अशी थाप मारली की नाहीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं आले. पण दिवाळीपर्यंत तेवढेच.

छोटे शेठ जेवणाच्या सुट्टीतच आले. तीन माणसं बसलेली, बाकीच्या टर्मिनलवर कापडी झाकणं.

"बाकी लोग?"

"येतील," नाहीसाहेब म्हणाले.

"कब?"

"दोर झिजला की."

छोट्या शेठनी एका टर्मिनलचं झाकण उचलून परत टाकलं. "हमने दिवाली बोला था," ते शांतपणे म्हणाले. यंत्रांचे पैसे भरून झाले होते, म्हणून ती राहणार होती. माणूस जाणार होता.

जायच्या दिवशी मी आणि भिलाभाऊ वापीच्या बसपर्यंत गेलो. स्टोव्ह त्यांनी भिलाभाऊला दिला. माझ्याच्याने राहवलं नाही. "आता तरी सांगा. आकडा बदलला असता तर?"

"खोली भरली असती."

"मग?"

"दोर वळणाऱ्यांनी," ते म्हणाले. बस लागली, बॅग आधी आत ढकलून ते चढले.

पौष लागेपर्यंत गावातले जुने दोर तुटायला लागले. नवा कोणी वळत नव्हता. भाव एकावर आला, मग दोनवर, मग चारवर. कॅन्टीनमध्ये बातमी पसरली आणि माणसं परत आली. कोणी दोराला बसलं, पण जास्त जण होड्यांना. रकाने कसे भरायचे ते भिलाभाऊ दाखवायचा, मोठ्या आवाजात. त्याच हातांनी मग स्टोअरच्या पावत्या टर्मिनलवर चढायला लागल्या. पेन्सिलीची मागणी कमी झाल्याचं मला माझ्याच कपाटात दिसलं.

तेवढ्यात शेठनी सुरतेहून नवा माणूस आणला. तरुण, गोड बोलणारा. आल्याआल्या त्याला सगळ्यांचं मन जिंकायचं होतं. जुना अर्ज कुणीतरी गंमत म्हणून त्याला सांगितला असावा. एका दुपारी आम्ही बसलो तर पडद्यावर दोर दहा कवड्यांना.

"खूश?" त्याने दारातून विचारलं.

भिलाभाऊ खुर्चीतून उठला.

"खाली घ्या तो."

"अरे, तुमचीच मागणी होती ना? बरं, मग किती ठेवू?"

"तुम्ही कसाले ठेवता साहेब? आम्ही इतके जण बसेल आहेत ना इथं."

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी 'काढा' म्हणून मान हलवली. त्याने ठरवून दिलेला आकडा काढून घेतला आणि भिलाभाऊ पुन्हा होडीकडे वळला. सुट्टी संपेपर्यंत दोर साडेतीनला उतरला. भिलाभाऊने दोन घेतले.