थांबलेला डेल

लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्सची एकच जागा होती, अन् ती मागायला नांदेडहून आम्ही नवरा-बायको दोघंही निघालो. एकाच वर्गात शिकलेलो. मार्क तिला जास्त. पाठ दोघांनाही एकच द्यायचा होता: E क्रॉस H चा डायव्हर्जन्स, म्हणजे फळ्यावर आधी उलटा त्रिकोण, तो डेल, अन् त्याच्यापुढं E आणि H.

बस लोह्याला थांबली तेव्हा ती म्हणाली, "अहो, डेल म्हणजे नुसता बाण नाही. समोर दोन राशी असल्या की त्याला आळीपाळीनं दोघींचं अवकलन करावं लागतं. दोन पदं येतात. अन् क्रॉसमध्ये जागा बदलली की मायनस येतो."

"फिजिक्समध्ये एवढं सोवळं पाळायचं नसतं," मी म्हणालो आणि भजी घ्यायला उतरलो.

कॉलेजात निवड समितीपुढं आधी माझा नंबर लागला. डेल म्हणजे बाणच, व्हेक्टर, म्हणून मी तिघांना गोल फिरवलं: E डॉट H क्रॉस डेल. अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

समितीतले म्हातारे सर फळ्याकडं बघत राहिले. "डेल शेवटी गेला. त्याच्या पुढं काहीच न्हाई. मग तो काम कुणावर करून राहिला?"

"सर, तो... थांबलाय."

एका मॅडमना चहाचा ठसका लागला.

"बरं. पुस्तकात दोन पदं हायेत. दुसऱ्याला मायनस का?"

"तशी पद्धत आहे, सर."

"कुणाची? तुमच्या घरची?"

घरची पद्धत ठाऊक असलेलं घरचं माणूस दाराबाहेर बसून तिचीच उजळणी करत होतं. मी बाहेर आलो तसं तिनं विचारलं, "काय विचारलं हो?"

आता तिचीच पाळी होती. मायनसचं विचारतात, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ते सांगायचं तर माझा थांबलेला डेलही सांगावा लागला असता. "काही नाही. साधंच," म्हणालो, आणि नळावर हातांचा खडू धुवायला गेलो. बराच वेळ धूत होतो.

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता. जागा तिला मिळाल्याचं तिथंच सांगितलं होतं. मी अभिनंदन केलं, जरा जास्तच जोरात.

"मायनसचं तुम्हालाही विचारलं होतं ना?"

"हाव."

"मग सांगायचं ना मला. मी इथं दारातच तर होते."

मी बसच्या वेळेचा विषय काढला.

"मला आलं ते," ती म्हणाली. "पण नसतं आलं तर?"